एक काढा, एक ठेवा

तेरानंबरचा आपल्या मेहुण्यावर संशय होता. त्याला फारसं कारण लागत नव्हतं. तो मेहुणा होता, एवढं पुरे होतं.

नाही म्हणायला जॅकचं एक प्रकरण झालं होतं. मेहुण्यानं गाडीचा जॅक नेला आणि चार दिवसांनी परत आणून दिला तो दुसराच. "दाजी, हाच तर होता," असं तो शांतपणे म्हणाला. बायकोनं भावाची बाजू घेतली. जॅक आधीच्यापेक्षा बरा चालत होता, त्यामुळे तक्रार कशाची करायची हेही कळेना. तेव्हापासून मेहुणा घरी येऊन गेला की तेरानंबर गुपचूप चमचे मोजायचा. चमचे दर वेळी बरोबर भरायचे. त्यानं संशय आणखी वाढायचा.

तेरानंबर हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम तेरा नंबरचा पाना असे, लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे, म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. नवरा-बायको मिळून धुलाईचा धंदा करत. एका रुग्णालयाच्या चादरी आणि दोन हॉटेलांचे टॉवेल. तो पांढरी व्हॅन चालवायचा, ती डाव्या सीटवर मांडीवर यादी घेऊन बसायची. व्हॅन सोळा वर्षांची होती. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं आणि सुटे भाग मिळणं त्याच्याही आधी बंद झालं होतं. वायपर अर्ध्या काचेवर जाऊन विचार करत थांबायचा. सेल्फ तिसऱ्या विनवणीला उठायचा. डावीकडची काच वर चढत नसे, म्हणून बायको तिथं टॉवेल खोचून बसायची.

अशात रुग्णालयाचं पत्र आलं. यापुढे तपासणीत पास झालेल्या गाडीलाच फाटकातून आत घेणार. तपासणीची तारीख मिळाली ती अकरा दिवसांनंतरची, सोमवारची. गाडी नापास झाली तर रुग्णालय गेलं, आणि रुग्णालय गेलं तर एवढ्या मोठ्या बॉयलरमध्ये दोघांचे चार कपडे उकळत बसायचं.

त्याच दुपारी मेहुण्याचा फोन आला. तो भंगारात निघालेल्या गाड्यांचं आवार चालवायचा.

"दाजी, तुमच्या गाडीची जुळी बहीण आलीय माझ्याकडे. या, आणि हवं ते काढून न्या."

तेरानंबरनं आधी फोनकडे संशयानं बघितलं आणि मग पिशवीत पाने भरले.

आवारात गाड्या तीन-तीनच्या चळतीत रचलेल्या होत्या. दरवाज्यांची रास वेगळी, सीटांची वेगळी. उन्हात पत्रा तापून टिकटिकत होता. जमिनीवर काचेचा चुरा आणि त्याखाली जुन्या ऑइलचा थर, त्यामुळे चालताना चपलेखाली आधी करकर व्हायचं आणि मग पचपच. मेहुणा कानावर पिवळा खडू आणि दाढेखाली लवंग धरून उभा होता. खडू गाड्यांवर वजन लिहायला. घामानं भिजू नये म्हणून त्याला काळी टेप गुंडाळलेली. लवंग दाढदुखीवर. दाढ काढून दोन वर्षं झाली होती, पण लवंग चालू होती.

व्हॅन कुंपणाला लागून एकटीच उभी होती. तेच मॉडेल, तेच वर्ष, तसाच पिवळट पडलेला पांढरा रंग. उजवी बाजू बऱ्यापैकी धडधाकट. डावीकडचा पुढचा भाग मात्र पार आत गेला होता. दरवाजा ओल्या पुठ्ठ्यासारखा मुडपला होता आणि डावी सीट जिथं असायला हवी तिथं डॅशबोर्ड होता. नंबराच्या पाट्या नव्हत्या. चासीवर नंबर कोरलेला असतो त्या जागी एक स्वच्छ चौकोनी भोक होतं.

"नंबर कुठाय?"

"कापला. नियमच आहे, दाजी. तो तुकडा तपासणी कार्यालयात जमा करायचा. मग ते वहीत लिहितात, या नंबरची गाडी मेली."

"तुकडा दाखव."

"ड्रॉवरमध्ये पडलाय. नुसता गंज. घासल्याशिवाय वाचता येत नाही."

तेरानंबरनं हे मनात लिहून ठेवलं. "गाडी कुणाची होती?"

"नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि भंगाराचा मालक विचारू नये." मेहुण्यानं लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "फक्त एक. एक काढलं की एक ठेवायचं. तुमचा जुना भाग इथं त्याच जागेवर, नट आवळून बसवायचा. आली तेव्हाचं वजन लिहून ठेवलंय. भट्टीला जाताना तेवढंच भरलं पाहिजे."

"नुसता आत टाकला तर वजन कमी भरणार आहे का?"

"आमच्याकडे पद्धत आहे तशी. नात्यात किंमत लावत नाही, पण वजन लावतो."

वायपरची मोटर काढायला तेरानंबर वाकला आणि तसाच राहिला. तिन्ही नटांवर लाल नेलपॉलिशची एकेक रेघ होती.

ही युक्ती त्याची स्वतःची होती. नट आवळून झाला की नट आणि शेजारचा पत्रा मिळून एक रेघ ओढायची. नट सैल झाला की रेघ तुटते, बघितल्याबरोबर कळतं. बायकोच्या तळाला आलेल्या बाटल्या याच कामी यायच्या. "बायकोकडून नेलपॉलिश मागून सायलेन्सरला लावणारा नवरा मलाच मिळायचा होता," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. गेल्या वर्षी बाटली लाल होती. यंदा नारिंगी.

आणखी एकीला मिळालाय म्हणायचा, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण घरी आल्यावर पहिलं काम केलं ते आपल्या गाडीचं बॉनेट उघडायचं. त्याचे लाल रेघांचे नट जागच्या जागी होते. एकही कमी नाही.

म्हणजे चमच्यांसारखंच.

पुढच्या चार दिवसांत त्यानं मोटर, सेल्फ, सायलेन्सर आणि हॉर्न बदलले. दुसऱ्या गाडीचा भाग एरवी बसताना जरा हुज्जत घालतो, एखादं भोक जुळत नाही, कुठं वॉशर घालावा लागतो. इथं तसं काही नव्हतं. पायाला न बघता आपली चप्पल सापडावी तसे भाग बसत होते. त्याचे जुने भागही त्या गाडीत तसेच बसले. इतके की शेवटी कुठला काढला आणि कुठला ठेवला हे तो हातावर पेनानं लिहायला लागला.

पाचव्या दिवशी चादरी पोचवून येताना बायकोनं नाक मुरडलं. "अहो, हा गाडीत येऊन बसला होता का?"

"कोण?"

"माझा भाऊ. लवंगेचा वास येतोय. माझ्याच सीटला."

तेरानंबरनं गाडी कडेला घेतली, सीट हुंगली आणि तिथूनच फोन लावला. "माझ्या गाडीत येऊन बसतोस का तू, मी नसताना?"

"मी?" पलीकडे मेहुणा हसला. "ताईच्या लग्नापासून वाट बघतोय, दाजी. एकदा तरी बसवलंय का मला तुम्ही?"

हे उत्तर नव्हे, असं तेरानंबरचं मत पडलं. प्रश्नाला प्रश्न लावणारा माणूस काहीतरी लपवत असतो. मेहुणा दुपारी चोरून येतो, आपले चांगले भाग काढून त्या भंगारात बसवतो आणि मग आपल्यालाच बोलावून आपल्याच हातानं काढायला लावतो. यात त्याचा फायदा काय, हे सुचत नव्हतं. पण जॅकमध्ये तरी काय फायदा होता?

सहाव्या दिवशी रेडिएटरच्या बोल्टांवर जांभळी रेघ दिसली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. जांभळा रंग बायकोनं जन्मात लावला नव्हता. दारात बोट चेमटल्यासारखं दिसतं, म्हणायची. म्हणजे गाडी नक्की दुसऱ्याची. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

तरी पक्का बंदोबस्त केलेला बरा. डावीकडची काच दुरुस्त करायला दरवाज्याचं आतलं पॅनल काढायचंच होतं. ते काढून त्यानं खिळ्यानं दरवाज्याच्या आतल्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत कोरलं: 'मेहुण्या, गाडी माझी आहे.' वर पॅनल बसवून टाकलं. आता चोरानं दरवाजा बदलला तर पुरावा त्याच्याच आवारात सापडणार. आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला की बायकोनं विचारलं, बरं आहे ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काच चढवायचं यंत्र काढायला आवारात गेला. मुडपलेला दरवाजा पहारीनं जरा सरळ केला आणि पॅनल उचकटलं.

आत लिहिलं होतं: 'मेहुण्या, गाडी माझी आहे.'

अक्षर त्याचंच होतं. 'ण्या' काढताना खिळा घसरला होता, तो ओरखडासुद्धा होता. फक्त ओरखड्यांत गंज चढलेला होता. खालपर्यंत गेलेला, तपकिरी, जुना गंज. एका दिवसात येत नाही असा.

त्याखाली आणखी एक ओळ होती. घाईनं खरडलेली. पहिला शब्द गंजानं खाल्ला होता, तिथं नुसता बोटभर लांब डाग होता. पुढचं वाचता येत होतं.

'...ला पुढे बसवू नको.'

ही ओळ त्यानं लिहिली नव्हती. अजून.

यंत्राच्या नटांवर जांभळी रेघ होती. आणि दरवाज्याच्या तळाशी, काचेच्या फटीतून पडलेली वस्तू जिथं जाऊन बसते आणि मग कुणालाच काढता येत नाही, तिथं धुळीत खडूचा तुकडा पडला होता. पिवळा. काळी टेप गुंडाळलेला.

"काय सापडलं, दाजी?" मागून मेहुण्याचा आवाज आला.

तेरानंबरनं पॅनल आधी लावलं आणि मग खडू पुढे केला. "हा तुझा?"

मेहुण्यानं तो फिरवून बघितला. "माझाच दिसतोय." मग त्यानं हात कानावर नेला. "पण माझा तर इथं आहे."

कुठंतरी पत्रा टिकटिकला. मेहुणा म्हणाला, "वजनात धरलेला नाही, घेऊन जा हवा तर," आणि वळून गेला. जाताना त्यानं दोनदा कान चाचपला.

तेरानंबरनं यंत्रांची अदलाबदल केली आणि घरी येऊन आपल्या दरवाज्याचं पॅनल काढलं. ओळ होती. एकच. चकचकीत.

त्याला एवढं कळलं की पुढे बसणारी एकच बाई आहे, आणि गंजानं खाल्लेला शब्द कोणता असणार याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. काच चढली नाही तर गाडी नापास, म्हणून यंत्र त्यानं बसवलं. पण नटांवर रेघ ओढली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी बायकोनं त्याच्यापुढे बाटली धरली. "रुग्णालयातल्या परिचारिकेनं दिली. मला हा रंग बघवत नाही, तुमच्या नटांना चालेल. तुमची नारिंगी संपलीय ना?"

जांभळी होती.

"नको," तो म्हणाला.

"फुकट आहे."

"नको म्हटलं ना!"

तिनं बाटली कपाटावर ठेवली आणि त्याच्याकडे, तो मेहुण्याकडे बघायचा तसं, बघितलं.

रविवारी सकाळी तो आपले जुने भाग परत आणायला आवारात गेला. तपासणी गेली खड्ड्यात. एक काढला तसा एक ठेवीन, सगळे, आणि तिसऱ्या विनवणीला उठणारा आपला सेल्फ घेऊन घरी जाईन. कुंपणापाशी चार चाकांचे कोरडे चौकोन उरले होते.

"काल गेली भट्टीला," मेहुणा म्हणाला. "आणि वजन काय भरलं म्हणता! ग्रॅमचा फरक नाही. तुमच्यासारखी पद्धत कुणी पाळत नाही, दाजी."

सोमवारी मोकळ्या मैदानावर चुन्याच्या रेघेमागे गाड्यांची रांग लागली होती. बायको यादी मांडीवर घेऊन डावीकडे बसली होती. पास झाली की इथूनच चादरी पोचवायच्या होत्या, दोन वाजेपर्यंत. तेरानंबरनं वाटेत तिला दोनदा सांगून पाहिलं, मागे बस. दोन्ही वेळा तिनं विचारलं, का? दोन्ही वेळा त्यानं गिअर बदलला.

रांग हलेना म्हणून त्यानं बॉनेट उघडलं.

रेडिएटरचे चार बोल्ट. चारींवर जांभळी रेघ.

"काल तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा ओढल्या," बायको खिडकीतून म्हणाली. "विसरला होतात. दरवाज्यातल्या पण केल्या, पॅनल काढून. तिथं काय ते कोरून ठेवलंय हो? बिचारा माझा भाऊ."

तपासनीसानं हॉर्न वाजवायला लावला. वाजला. वायपर काचेच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. सेल्फ पहिल्या हाकेला उठला. डावीकडची काच चढली, उतरली.

राहिला चासी नंबर. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडायचा, अशी पद्धत. शिपाई गाडीखाली सरपटत गेला. पेन्सिलीची खसखस ऐकू आली. बाहेर आला तेव्हा त्यानं कागद उजेडात धरला, उलटा केला आणि टेबलावर ठेवला.

कागदावर चार सरळ रेघा उमटल्या होत्या. एक चौकोन. आत काही नव्हतं.

"ठसा घेतला ना?" तपासनीसानं मान वर न करता विचारलं. त्याच्यासमोर अजून साठ गाड्या होत्या. "मग जोड."

शिक्का बसला. पास.

तेरानंबर गाडीपाशी आला आणि त्यानं डावा दरवाजा उघडून बायकोचा हात धरला. "उतर. मागे बस."

"अहो, चादरींत?"

"पाया पडतो तुझ्या."

लग्नाच्या बारा वर्षांत त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत उतरली आणि मागे गाठोड्यांवर जाऊन बसली. त्यानं मागचं दार लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.

मागून हॉर्न वाजायला लागले. फाटकावरचा माणूस शिट्टी फुंकून हात हलवत होता. तेरानंबरनं गाडी सुरू केली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला. गाडी पास होती. पुढची सीट रिकामी होती. जगात त्याचा कुणावर म्हणून संशय नव्हता.

फाटकाशी गाडी हळू झाली आणि डावा दरवाजा उघडला.

"दाजी, आवारापर्यंत सोडा." मेहुणा उडी मारून आत बसला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "शेवटी बसलोच हं तुमच्या गाडीत!"

"मागे..." तेरानंबर म्हणाला. शिट्टी वाजली. मागच्या ट्रकनं हॉर्नवरून हात उचलला नाही. गाडी रस्त्याला लागली.

लवंगेचा वास आला.

"आज कार्यालयात वेडेपणाच झाला," मेहुणा म्हणाला. "तुमच्या त्या भंगाराचा नंबर जमा करायला आणला होता. रात्रभर घासून चकचकीत केला. कारकून घ्यायलाच तयार नाही. म्हणतो, या नंबरची गाडी जिवंत आहे. आत्ताच पास झाली." त्यानं गुंडाळी मांडीवर ठेवली. "वाचता तुम्ही? की गाडी चालवताय?"

तेरानंबर समोर बघत होता. गंजाचा डाग त्याच्या डोळ्यांपुढे आला. केवढा होता तो? 'हिला' एवढा नव्हता. चांगला बोटभर लांब होता, 'मेहुण्या' मावेल एवढा.

"खाली उतर," तो म्हणाला.

"काय?" मेहुण्यानं हँडल फिरवून काच वर घेतली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. "वा! काय झकास चढते हो."

रस्ता उताराचा होता. पुढे चौक दिसत होता. गाडी एका खड्ड्यावरून किंचित हलली, आणि मेहुण्याच्या कानावरचा खडू सुटला. दरवाज्याच्या कडेवर पडला, क्षणभर काळ्या टेपवर गरगरला आणि काचेच्या फटीतून आत गेला.

दरवाज्याच्या तळाशी तो टेकल्याचा बारीक आवाज आला.

"जाऊ दे," मेहुणा म्हणाला. "दुसरा आहे."